मुदत संपली : १९ नोव्हेंबर १९८१

आंतरजालावरच्या असंख्य पानांबरोबर एक तारीख आपल्या संगणकापर्यंत येत असते. वाचकाला ती दिसत नाही. पानाचा मजकूर सुरू होण्याआधी सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यात जी औपचारिक बोलणी होतात, त्यांत ती असते. तारीख अशी : गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८१, ग्रिनिच वेळेप्रमाणे ८ वाजून ५२ मिनिटे. पीएचपी या भाषेत लिहिलेल्या संकेतस्थळाने सत्र सुरू केले, म्हणजे समोरचा वाचक कोण याची ओळख ठेवायला सुरुवात केली, की वेगळे काही सांगितलेले नसल्यास ही तारीख आपोआप पाठवली जाते. तिचा अर्थ एवढाच, की या पानाची मुदत त्या क्षणी संपली. टिम बर्नर्स-ली यांनी या जाळ्याचा पहिला प्रस्ताव मांडला तो मार्च १९८९ मध्ये. म्हणजे ज्या माध्यमात हे पान जन्मले, ते माध्यम जन्मण्याच्या सात वर्षे आधीच ते कालबाह्य झालेले असते; आणि तरीही ते आत्ता, आपल्यासाठी, नव्याने रचून पाठवलेले असते.

ज्याला 'मी फक्त आत्तापुरता खरा आहे' असे म्हणायचे आहे, त्याला 'मी केव्हाच मेलो आहे' असे म्हणावे लागावे, यात मला तंत्रापेक्षा भाषेचा पराभव अधिक दिसतो. पीएचपीच्या हस्तपुस्तिकेत हीच गोष्ट सांगण्यासाठी आणखी एक तारीख उदाहरणादाखल दिली गेली : शनिवार, २६ जुलै १९९७, पहाटेचे पाच. शेजारी खुलासा इतकाच, की ही भूतकाळातली तारीख आहे. दुसरी कोणतीही चालली असती. पण छापलेली होती म्हणून कित्येकांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली. काही जण तारखेच्या जागी नुसते शून्य लिहितात. शून्य ही तारीख नव्हे. पण जी तारीख वाचता येत नाही ती होऊन गेलेली समजावी, असा नियम असल्यामुळे शून्यानेही भागते. या साऱ्या युक्त्यांच्या मुळाशी एक टाळलेला प्रश्न आहे. आपण जे सांगतो आहोत ते किती काळ खरे राहणार आहे, आणि कोणासाठी? सर्व्हरवर प्रोग्राम लिहिणारे बहुतेक लोक या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. एक तर ते गप्प बसतात, किंवा सरसकट मनाई करून मोकळे होतात. या दोन्ही सवयी मला एकाच आळसाच्या वाटतात.

थोडे मागे जायला हवे. आपण पाहिलेल्या पानांच्या, चित्रांच्या प्रती ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो आणि तोच पत्ता पुन्हा मागितला तर सर्व्हरकडे न जाता जवळची प्रत पुढे करतो. या साठ्याला जो इंग्रजी शब्द आहे त्याचा उच्चार 'कॅश' असाच होतो आणि मराठीत लिहिला की रोकड आठवते. मुळातला फ्रेंच शब्द दडवून ठेवण्याचा आहे, रोकडीशी त्याचे नाते नाही. मी येथे 'कॅशे' लिहितो आहे. कोणाला 'साठवण' म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. या विषयाची जी अधिकृत नियमावली आहे, तिच्यात जवळच्या प्रतीचे दोन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची नावे अक्षरशः 'ताजी' आणि 'शिळी' अशी आहेत. मराठी घराला यापुढचे समजावून सांगण्याची गरज नसावी. लोणच्याची बरणी वर्षभर फडताळात राहते, तिला रोज उघडून कोणी चौकशी करीत नाही. दूध ठेवलेले असते, पण वापरण्याआधी तापवून पाहतात. नासले नसेल तर तेच वापरतात. आणि काही पदार्थ असे, की जे पानात पडले ते संपले, उरवायचे नाहीत. तिन्हींना एकच नियम लावणारे स्वयंपाकघर एक तर दिवाळखोर होईल किंवा आजारी पडेल.

सुरुवातीच्या काळात जालावरचे दस्तऐवज म्हणजे सर्व्हरवर पडून असलेल्या फायली होत्या. फायलीला शेवटच्या बदलाची तारीख असते. तीवरून ब्राउझरला अंदाज बांधता येतो. जी फाईल शंभर दिवसांत बदलली नाही ती आणखी दहा दिवस बदलणार नाही असे धरून चालावे, हा एक दशांशाचा हिशोब नियमावलीतही उदाहरण म्हणून आलेला आहे. जो इतके दिवस टिकला तो आणखी थोडा टिकेल, हा व्यवहारातला साधा विश्वास. पण जे उत्तर आयत्या वेळी रचले जाते त्याचे काय? खात्यातली शिल्लक, प्रतीक्षा यादीतला क्रमांक, आत्ताच आलेला निरोप, यांना कालचा इतिहास नसतो. पत्ता तोच, उत्तर दर वेळी वेगळे. नियम करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. जून १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या मसुद्यात त्यांनी पत्त्यातल्या प्रश्नचिन्हाला मान दिला होता : ज्या पत्त्यात प्रश्नचिन्ह आहे, त्याचे उत्तर सर्व्हरने मुदत सांगितल्याखेरीज ताजे समजू नये. विरामचिन्हाला इतके अधिकार व्याकरणानेही क्वचितच दिले असतील. पुढे २०१४ मध्ये नियमावली नव्याने लिहिताना या नियमाचे पालन फारसे होत नाही अशी नोंद करून तो मागे घेण्यात आला आणि सर्व्हरांना सल्ला दिला गेला, की अंदाजावर सोडू नका, मुदत स्वतः सांगा.

सांगायचे कसे, याची भाषा १९९७ पासून उपलब्ध आहे; आणि तिच्यात एक नामकरण इतके दुर्दैवी आहे, की त्याने एका पिढीचा गोंधळ केला. 'नो-कॅशे' या आज्ञेचा अर्थ 'साठवू नकोस' असा नाही. तिचा अर्थ आहे, साठव, पण मला विचारल्याखेरीज वापरू नकोस. 'साठवूच नकोस' असे सांगणारी आज्ञा वेगळी, 'नो-स्टोअर'. पहिली आज्ञा म्हणजे दूध तापवून पाहणे. ब्राउझर आपल्या प्रतीवरची ओळखखूण सर्व्हरला कळवतो आणि विचारतो, हे अजून चालेल का? चालत असेल तर सर्व्हर मजकुराशिवाय नुसते ३०४ क्रमांकाचे उत्तर देतो. दोनशे किलोबाइटच्या पानाऐवजी काही शब्दांची पोच. ही अत्यंत सुसंस्कृत देवघेव आहे आणि आयत्या वेळी रचलेल्या उत्तरांपैकी बहुतेकांना ती पुरते. पण नावामुळे फसलेला माणूस 'नो-कॅशे' लिहितो, साठा तरीही सापडतो, मग तो घाबरून 'नो-स्टोअर' जोडतो, त्याला 'मस्ट-रिव्हॅलिडेट' जोडतो. वर 'प्रॅग्मा' नावाची जुनी ओळ, जिचा अर्थ फक्त मागणी करणाऱ्याच्या बाजूने ठरलेला होता, सर्व्हरच्या बाजूने कधीच नाही. शेवटी 'पोस्ट-चेक' आणि 'प्री-चेक' ही जोडगोळी, जी इंटरनेट एक्सप्लोररची घरगुती बोली होती. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केला. बोली मात्र जुन्या प्रोग्रामांतून अजून उच्चारली जाते. कोणता देव पावेल याची खात्री नसली की माणूस वाटेतल्या प्रत्येक देवळापुढे नारळ फोडतो, त्यातला हा प्रकार.

या घबराटीला इतिहास आहे हे मान्य केले पाहिजे. पान न बदलता पार्श्वभूमीवर सर्व्हरशी बोलण्याची सोय इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने १९९९ मध्ये आणली. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले आणि ती सर्वत्र पसरली. मग लक्षात आले, की हा ब्राउझर एकदा मिळालेले उत्तर जपून ठेवतो आणि 'नवे काही आले का' या प्रश्नाला सर्व्हरकडे न जाताच जुने उत्तर देत राहतो. शिळ्या कढीला ऊत म्हणतात तो हाच. त्यावर लोकांनी तोड काढली : दर वेळी पत्त्याच्या शेपटाला चालू क्षणाचा आकडा जोडायचा. पत्ता नवा, म्हणून उत्तर नवे. जेक्वेरी या ग्रंथालयाने ही तोड एका सेटिंगमध्ये बसवली आणि ती तंत्राच्या पाठ्यक्रमाचा भाग झाली. वास्तविक हिच्यामुळे साठवण थांबत नाही. ब्राउझर प्रत्येक उत्तर वेगळ्या नावाने ठेवत जातो, आणि जे नाव पुन्हा कोणी उच्चारणार नाही अशा प्रतींनी त्याचे कोठार भरते. रोज नवे नाव सांगून त्याच दारात उभ्या राहणाऱ्या माणसासारखे हे आहे. ओळख विसरली जावी म्हणून त्याने ओळखच खोटी केली.

सप्टेंबर २०१२ मध्ये आणखी एक धक्का बसला. ॲपलच्या आयओएस ६ मधला सफारी 'पोस्ट' पद्धतीने पाठवलेल्या मागण्यांची उत्तरेही साठवू लागला. 'पोस्ट' म्हणजे काही तरी सादर करणे, नोंदवणे. स्पष्ट परवानगी असल्याशिवाय त्याचे उत्तर जपून ठेवायचे नाही हा संकेत गृहीत धरूनच सारे बांधलेले होते. त्या दिवसांत ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांनी पुढे प्रत्येक उत्तरावर मनाईचा शिक्का मारला तर त्यांना दोष कसा द्यावा? दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. प्रश्न एवढाच, की ताक फुंकण्याचा खर्च कोणाच्या माथी पडतो. प्रोग्रामरच्या नाही. तो सर्व्हरशेजारी बसलेला असतो, त्याचे जाळे वेगवान असते. खर्च पडतो तो डोंगराआडच्या गावात, एका रेघेवर आलेल्या नेटवर्कात, दिवसाचा विदा मोजून वापरणाऱ्या वाचकावर.

एखाद्या सरकारी अर्जातली जिल्ह्यांची यादी घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि महाराष्ट्राच्या यादीत ३६ नावे झाली. त्यानंतर २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. म्हणजे ही यादी वर्षानुवर्षे बदलत नाही; पण बदलते तेव्हा तो बदल कोणी विसरून चालत नाही. दूध तापवून पाहावे असे हे उदाहरण. दर वेळी विचारावे, बदलले का? नाही म्हटले की जवळची प्रत वापरावी. त्याऐवजी अर्जाच्या प्रत्येक टप्प्यावर संपूर्ण यादी, तिच्याबरोबर तालुके, चिन्हे, सजावट असे सगळे नव्याने उतरवून घेतले जाते, कारण कोणीतरी सर्व्हरच्या मुळाशी एकच ओळ लिहून ठेवली आहे : काहीही साठवू नका. ही काटेकोरपणाची खूण नव्हे. काय टिकते आणि काय टिकत नाही याचा विचार न करण्याची ती सोय आहे.

माझा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. १९९९ च्या त्याच मसुद्यात एक छोटे कलम होते, जे मला त्या रुक्ष दस्तऐवजातले सर्वांत मानवी कलम वाटते. त्यात म्हटले होते, की कॅशे वेगळी आणि वाचकाचा मागोवा वेगळा. कॅशेने आजची स्थिती दाखवायचा प्रयत्न करावा. पण वाचक जेव्हा 'मागे' जातो, तेव्हा त्याने त्या वेळी जे पाहिले होते तेच त्याला दिसावे. पुस्तकाचे मागचे पान उलटल्यावर तेथे नवा मजकूर असावा असे कोणाला वाटत नाही. पाहिलेले पुन्हा पाहण्याचा हक्क वाचकाचा आहे, लिहिणाऱ्याचा नव्हे. आपल्याकडच्या पैशाच्या व्यवहारांच्या पानांवर मात्र 'कृपया बॅक किंवा रिफ्रेशचे बटण दाबू नका' ही सूचना इतकी रुळली आहे, की तिच्यातला उद्धटपणा जाणवेनासा झाला. मागे गेल्याने दोनदा पैसे कापले जात असतील तर तो हिशोबाच्या रचनेतला दोष आहे. एकदा सादर झालेले दुसऱ्यांदा ओळखून नाकारणे हे सर्व्हरचे काम. ते न करता वाचकाची वाट बुजवण्यासाठी साठवणुकीच्या आज्ञा वापरल्या जातात. परिणाम असा, की पाच पानी अर्जाच्या चौथ्या पानावरून कोणी जन्मतारीख तपासायला मागे गेला, तर भरलेला मजकूर पुष्कळदा नाहीसा झालेला असतो. अर्ज भरणारा स्वतःलाच बोल लावतो.

पण याच कलमाला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून माझे म्हणणे पुरे होणार नाही. 'मागे' जाणारा वाचक तोच असेल याची हमी काय? सायबर कॅफेंच्या दिवसांत एकाने टपाल वाचून लॉगआउट करावे, उठावे, आणि त्याच खुर्चीत बसलेल्या दुसऱ्याने 'मागे' दाबून त्याचे पत्र वाचावे, इतके ते सोपे होते. कॅफे बहुतांशी गेले, पण सामायिक संगणक गेला नाही. सेवा केंद्रांत आजही एकाच यंत्रावर दिवसभर अनेकांचे उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. घरातला एक फोन चार जण वापरतात. येथे 'नो-स्टोअर' हवेच. आजारपणाचा अहवाल, खात्याचा उतारा, आधारचा तपशील दाखवणाऱ्या पानावर ते नसेल तर त्याला मी अक्षम्य निष्काळजीपणा म्हणेन. तेवढ्यानेही भागत नाही. नियमावली स्वतःच बजावते, की ही आज्ञा म्हणजे गोपनीयतेची पुरेशी हमी नव्हे. शिवाय नोव्हेंबर २००५ मधल्या फायरफॉक्स १.५ पासून ब्राउझर सोडलेले पान स्मृतीत जिवंत गोठवून ठेवू लागले आहेत. तो साठा कॅशेहून निराळा. तेव्हा असे पान पुन्हा डोळ्यांसमोर येताच वाचक अजून आत आहे की बाहेर पडला, हे त्या पानानेच तपासले पाहिजे.

साठवण फक्त वाचकाच्या यंत्रात होत नाही, वाटेतही होते. आणि तेथे चूक झाली तर एका खुर्चीपुरती राहत नाही. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळांच्या दुकानावर हल्ला चालू असताना भार हलका करण्यासाठी वाटेतल्या साठवणुकीचे नियम घाईने बदलण्यात आले आणि त्यात एकाचे पान दुसऱ्याला दाखवले जाऊ लागले. चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या निवेदनानुसार सुमारे ३४,००० लोकांची पाने अशी उघडी पडली असावीत. काहींत बिलाचा पत्ता होता, काहींत खरेदीचा इतिहास. ब्राउझरने स्वतःपुरते ठेवावे, वाटेतल्या कोणी ठेवू नये असे सांगणारा 'प्रायव्हेट' हा शब्दही नियमावलीत आहे. पण सर्व्हरने तो म्हटला पाहिजे आणि वाटेतल्यांनी ऐकला पाहिजे.

म्हणून मनाई सरसकट असावी की नसावी, हा वादच मला चुकीचा वाटतो. सातबाऱ्याचा उतारा आपण काढतो तेव्हा त्यावर तारीख असते. उद्या फेरफार झाला तर तो जुना होईल हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून कोणी तो घेतल्याबरोबर फाडून टाकत नाही, आणि जुना उतारा कर्जासाठी पुढे केला तर बँक नवा आणायला सांगते. कागदाच्या जगाने हे तारतम्य फार पूर्वी कमावलेले आहे.

जालाच्या जगातही ते अगदीच नाही असे नव्हे. रुबी ऑन रेल्स ही २००४ मध्ये आलेली चौकट घ्या. काहीही न सांगता सोडले तर ती आयत्या वेळी रचलेल्या पानाबरोबर कळवते, की हे तुझ्यापुरते ठेव, पण दर वेळी मला विचार. आणि विचारता यावे म्हणून ओळखखूणही देते. सर्व्हरचे श्रम त्याने वाचत नाहीत, कारण पान तर रचावेच लागते. वाचतो तो वाचकाचा विदा. मला हा मूळ पवित्रा योग्य वाटतो. जेथे गुपित आहे तेथे तो कडक करावा, आणि नाव बदलल्याशिवाय कधीच न बदलणाऱ्या चित्रांना, लिप्यांना वर्षभराची मुदत द्यावी. पीएचपीची सत्रव्यवस्था मात्र काही न सांगितल्यास आजही १९८१ ची तारीखच पाठवते. ती बदलायला एका ओळीचे सेटिंग पुरते, आणि ते हस्तपुस्तिकेत दिलेले आहे.